पाठीचा मानकरी

डुक्कर मालाकीच्या आईने पहाटे उठून तापल्या दगडांवर भाजलं होतं. ते गाडीच्या शेवटच्या बाकाखाली ठेवताना तिने मुलाला एकच गोष्ट बजावली, की गाव येईपर्यंत ही टोपली उघडायची नाही. जेवणाची टोपली वेगळी होती आणि ती पुढच्या बाकाखाली होती.

"आई, मी काय लहान आहे का?" मालाकी म्हणाला.

आईने केळीची पानं आणखी घट्ट खोचली.

तिची काळजी खोटी नव्हती. मालाकी घरजावई. लग्न झाल्यापासून तो बेटाच्या पलीकडच्या बाजूला, बायकोच्या गावात राहत होता. आमच्या सावाई बेटावर घरजावयाची किंमत काय, ते डुक्कर कापायच्या वेळी कळतं. कुठला तुकडा कुणाचा हे आमच्याकडे आजोबा-पणजोबांच्याही आधी ठरून गेलेलं आहे. मताई म्हणजे घराण्यातलं मानाचं नाव मिळालेला माणूस. पाठ थोरल्या मताईची, कारण घराण्याचा तो प्रमुख. मांड्या इतर मताईंच्या. डोकं पोरासोरांचं आणि ज्यांना कसलाच मान नाही अशांचं. मालाकीच्या वाट्याला इतकी वर्षं डोकंच येत होतं. पाठीचा त्याला आतापर्यंत फक्त वास मिळाला होता.

आज त्याचा मेहुणा सोलोमोना मताई होणार होता, आणि त्या समारंभासाठी पहिल्यांदाच मालाकीच्या माहेरचं डुक्कर मागवलं गेलं होतं. घरजावयाला माहेर असतंच. बायको मातालेनाने आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "माझ्या माणसांसमोर मान खाली घालायला लावू नकोस."

मालाकीची गाडी म्हणजे जुन्या ट्रकवर लाकडी बाकं आणि चार खांबांवर पत्रा. बाजूला काही नाही. बंदरावर उतरलेल्या पाहुण्यांना तीत बसवून बेटाची चक्कर मारून आणायची, हा त्याचा धंदा. आजचे पाहुणे म्हणजे न्यूझीलंडचं एक म्हातारं जोडपं, ग्रॅहम आणि बेव्हर्ली. ग्रॅहम जन्मभर खाटकाचं दुकान चालवून नुकताच मोकळा झाला होता आणि त्याला सगळंच आवडत होतं. वारा आवडत होता, खड्डे आवडत होते. चक्कर संपता संपता समारंभही बघायला मिळणार म्हटल्यावर तो बाकावरच सरसावून बसला.

उघड्या गाडीचा एक तोटा असतो. आत जागा आहे की नाही, हे रस्त्यावरच्या माणसाला लांबूनच दिसतं. पणजोबांच्या काळी डोंगर फुटून जो काळा दगड वाहत आला, त्या माळावर एक मावशी हात दाखवून उभी होती. मालाकीला थांबावंच लागलं. न थांबावं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला कळलं असतं. मावशी दोन टोपल्या घेऊन चढली, बेव्हर्लीच्या शेजारी बसली, तिला किती मुलं आहेत ते विचारून घेतलं आणि पुढच्या गावात तीन टोपल्या घेऊन उतरली. माडाच्या झावळीच्या टोपल्या सगळ्या सारख्याच दिसतात. एक वाढली हे कुणाच्या लक्षात आलं नाही, मावशीच्याही नाही.

मग आल्या समुद्राच्या पिचकाऱ्या. खडकातल्या भोकांतून लाट अशी उसळते की आत नारळ टाकला तर तो आभाळात जातो. नारळ टाकणारा म्हातारा जागेवर नव्हता. त्याला शोधायला निघताना मालाकीने पाहुण्यांना सांगितलं की भूक लागली असेल तर सुरुवात करा, बाकाखाली टोपली आहे.

म्हातारा आपल्या झोपडीत गाढ झोपला होता. त्याला उठवून, समजावून आणि त्याची लुंगी शोधून देऊन मालाकी परत आला, तेव्हा ग्रॅहम खडकावर बसून बोटं चाटत होता. शेजारी गावातली दोन कुत्री जिभा काढून त्याच्याकडे भक्तिभावाने पाहत होती.

"तुझ्या आईच्या हाताला चव आहे," ग्रॅहम म्हणाला.

मालाकीने टोपलीत पाहिलं. डुकराचं डोकं जागेवर होतं, मांड्या जागेवर होत्या. पाठ तेवढी नव्हती. ती इतक्या सफाईने काढली होती की एक चुकार धागाही मागे राहिला नव्हता. वरची कुरकुरीत कातडी ग्रॅहमने शेवटी खायची म्हणून पानावर जपून ठेवली होती.

"मांडीला हात लावायचात," मालाकी कसाबसा म्हणाला. "एखादी बरगडी घ्यायचीत."

"पाठ समोर असताना?" ग्रॅहमला खरोखरच वाईट वाटलं. "असं करणाऱ्याला मी दुकानात उभा केला नसता. आम्हाला काही सगळी संपली नाही. उरलेली यांना घातली." त्याने कुत्र्यांकडे बोट दाखवलं.

मालाकी खाली बसला. बसल्या बसल्या त्याने पाठ कुणाची, डुक्कर कशासाठी आणि घरजावई म्हणजे काय हे सगळं सांगितलं. मागे पिचकारी उसळली, नारळ आभाळात गेला, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. ग्रॅहमचा चेहरा पडला. बेव्हर्ली नवऱ्याला एवढंच म्हणाली की दोन माणसांना कुणी अख्खं डुक्कर देतं का, हे मी तुला विचारलं होतं.

मग वाटेतल्या गावांत चौकशी सुरू झाली. डुकरं काय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेपट्या हलवत हिंडत होती, पण भाजलेलं एकही नव्हतं. आणि हिंडणारं डुक्कर भाजून तयार होईपर्यंत सोलोमोना मताई होऊन म्हातारा झाला असता. शेवटी ग्रॅहमनेच बाह्या सरसावल्या. ओळखीच्या घरून उकडलेल्या अळकुड्या आणल्या, त्या पाठीच्या जागी ठासल्या, वर कातडी बसवली आणि काथ्याच्या दोरीने असे टाके घातले की मालाकीलाही क्षणभर वाटलं, काही झालंच नाही.

"फक्त कुणी कापू नये," ग्रॅहम म्हणाला.

डुक्कर मंडपात पोचलं तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहत होते. मताई आपापल्या खांबाला टेकून बसले होते. मातालेनाने डुक्कर पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहून ती चक्क हसली. अशी ती लग्नानंतर फार वेळा हसली नव्हती. मालाकीला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

सोलोमोनाचा समारंभ यथासांग झाला. मग कापणारा तरुण सुरी घेऊन पुढे आला, आणि रीतीप्रमाणे एकेक तुकडा मोठ्याने पुकारू लागला. पाठीचं नाव पुकारून त्याने सुरी चालवली. दोरी तुटली आणि चार अळकुड्या घरंगळत थोरल्या मताईच्या गुडघ्याशी जाऊन थांबल्या.

पाठीवाचून डुक्कर समोर ठेवणं म्हणजे थोरल्या मताईला तोंडावर सांगणं, की तू आमचा कुणी नाहीस. सोलोमोनाचा चेहरा उतरला. मातालेना नवऱ्याकडे पाहत राहिली, आणि या वेळी ती हसत नव्हती.

घराण्याच्या वतीने बोलायचं काम आपेलूकाकांचं. ते काठीवर भार देऊन उठले.

"जावईबापू, पाठ कुठे आहे?"

मालाकीला खोटं सुचलं असतं तर तो बोलला असता. सुचलं नाही म्हणून त्याने खरं सांगितलं, आणि मागे मांडी घालून बसायची धडपड करणाऱ्या ग्रॅहमकडे हात केला. कुत्र्यांचं तेवढं त्याने सांगितलं नाही.

आपेलूकाकांनी ग्रॅहमकडे पाहिलं, थोरल्या मताईकडे पाहिलं, खांद्यावरून माशा हाकलायचा झुपका एकदा इकडे, एकदा तिकडे केला. बोलायचं काय हे ठरलं नसलं की ते असं करत. मग त्यांचा आवाज लागला.

"मंडळी, पाठ हरवलेली नाही. ती तिच्या मानकऱ्याकडे पोचलेली आहे. या माणसाला पाठ कुणाची हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. समोर अख्खं डुक्कर होतं. मांड्या होत्या, बरगड्या होत्या. त्याने नेमका हात कशाला लावला? जो पाठ खातो तो मताई. हे मी म्हणत नाही, आपले पूर्वज म्हणतात. रक्तातच नसेल, तर परक्याला हे कळेल कसं?"

"काका, तो खाटीक आहे," सोलोमोना हळूच म्हणाला.

"आणि तो खाटीकच का झाला, याचा विचार केलास कधी?"

तेवढ्यात थोरल्या मताईने गुडघ्याजवळची अळकुडी उचलून तोंडात टाकली. डुकराच्या चरबीत मुरलेली अळकुडी त्यांनी डोळे मिटून, हिरड्यांनी सावकाश खाल्ली. बऱ्याच वर्षांत चावता येईल असं काही आपल्या वाट्याला आलं नव्हतं, असं ते म्हणाले आणि त्यांनी दुसरी उचलली.

घराण्यातलं सेउआलूगा हे मताईचं नाव कित्येक दिवस रिकामं पडलं होतं. ते त्याच मंडपात ग्रॅहमला दिलं गेलं. त्याच्या कमरेला चटई गुंडाळली, कावा या मानाच्या पेयाची वाटी हातात दिली, आणि तो मताई झाला. आता त्यांना अरे-तुरे कोण करणार, म्हणून आपणही यापुढे ग्रॅहमसाहेब म्हणू. मालाकीने कुत्र्यांची गोष्ट पोटातच ठेवली, नाहीतर घराण्यात आणखी दोन मताई वाढले असते.

आपेलूकाकांच्या मते प्रकरण तिथेच संपलं होतं. पाहुणे जातात, फोटो दाखवतात, विसरतात. पण ग्रॅहमसाहेब सरळ मनाचे होते. आपण मताई म्हणजे नक्की काय काय करायचं, हे त्यांनी बंदरावर जाईपर्यंत मालाकीला खोदून खोदून विचारून घेतलं होतं. गावात कुणी वारलं की त्यांच्याकडून माशांच्या डब्यांचं खोकं येऊ लागलं. चर्चच्या पत्र्यांसाठीही त्यांनी न मागता हातभार लावला. गाव म्हणालं, बघा, रक्त कसं बोलतं. काकांनी तर आपलं भाषण दोन-तीन समारंभांत पुन्हा करून दाखवलं.

मग एक दिवस ग्रॅहमसाहेबांचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. मताईच्या घरचं कार्य म्हणजे सगळ्या घराण्याचं कार्य, हे मालाकीनेच त्यांना सांगितलं होतं, तेव्हा लग्न घराण्याच्या गावीच करायचं त्यांनी पक्कं केलं होतं. वऱ्हाड जहाज भरून येणार होतं. डुकरं, चटया आणि बाकीचं रीतीप्रमाणे घराण्याने बघावं.

आपेलूकाकांना त्या दिवशी भाषण सुचलं नाही.

पण शब्द तो शब्द. सगळं घराणं कामाला लागलं, आणि ओझं अर्थातच मताईंच्या डोक्यावर आलं. सोलोमोनाने आपली पाळलेली मोठी डुकरीण दिली, मग तिची पिल्लं दिली, मग मासेमारीचं जाळं गहाण टाकलं. मताई झाल्यापासून त्याचं पोट उतरलं होतं, आता गालही बसले. रात्री तो दाजींच्या, म्हणजे मालाकीच्या, अंगणात येऊन पडायचा, कारण स्वतःच्या घरी कुणी ना कुणी काही ना काही मागायला बसलेलं असायचं. मालाकीकडे कुणी काही मागितलं नाही. त्याने फक्त गाडीला जास्वंदी बांधल्या आणि वऱ्हाडाला वारा खात बेटाची चक्कर मारून आणलं.

लग्न झकास झालं. बेव्हर्ली रडली, मातालेनाही रडली, माळावरची मावशी आमंत्रण नसताना आली आणि तीही रडली. पंगत बसली. डुक्कर कापलं गेलं, तुकडे पुकारले गेले, आणि आज कार्य त्यांच्या घरचं म्हणून ग्रॅहमसाहेबांपुढे पाठ आली. या वेळी अख्खी. त्यांनी तिचे दोन सरळ भाग केले, उठले, आणि मागे पोरांच्या रांगेत बसलेल्या मालाकीच्या पानावर एक भाग ठेवला.

"त्या दिवशी तू मला जेवू घातलंस," ते म्हणाले. "हे तुझं."

सगळ्यांचे हात थांबले. जो पाठ खातो तो मताई, हे भर मंडपात कुणी म्हटलं होतं ते कुणी विसरलं नव्हतं. आपेलूकाका छपराकडे पाहू लागले.

मालाकीने तुकडा उचलला. इतक्या वर्षांचा तो वास आता नाकाखाली होता, आणि बोटांवरून चरबी मनगटापर्यंत ओघळत होती. त्याला रडू येईल असं वाटलं. समोर मातालेना हातात परात घेऊन उभी होती.

"खायचंय तुला?" तिने हळूच विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तो हो म्हणाला असता, तर ती त्याच्या मागे उभी राहिली असती.

मालाकीने सोलोमोनाकडे पाहिलं. सोलोमोना आपल्या मांडीच्या तुकड्यासमोर बसून, बोटांवर काहीतरी मोजत होता. मग मालाकी उठला, आणि त्याने तो तुकडा दोन्ही हातांनी परत ग्रॅहमसाहेबांच्या पानावर ठेवला.

"मन भरलं, साहेब. पण मला आपलं डोकंच बरं. डोकं खाणाऱ्याच्या दारात कुणी डुकरं मागायला येत नाही."

सोलोमोना एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. आपेलूकाकांनी छपरावरची नजर खाली आणली आणि जेवायला सुरुवात केली. मातालेना परात घेऊन रांगेच्या शेवटाला आली, मालाकीच्या पानावर डोक्याचा गालाकडचा भाग वाढला, आणि पोरांनी कुरकुर केली तरी दोन्ही कान त्यालाच दिले.