एका शब्दाची भांडी

टेलरमावशींची सून रोज बँकेत जाताना त्यांच्या शिवणयंत्रावर एक चिठ्ठी चिकटवून जायची. चिठ्ठीवर एक इंग्रजी शब्द, खाली अर्थ. दोघींपैकी जी तो शब्द आधी योग्य जागी वापरेल, तिला त्या दिवशीची भांडी माफ. मावशी सलग एकोणीस दिवस भांडी घासत होत्या.

आजचा शब्द होता 'हिलेरियस'. खाली सुनेनं बजावलं होतं, 'नुसतं गमतीदार नव्हे. हसून हसून पोट दुखलं पाहिजे. नाहीतर बाद.'

"आज तिलाच घासायला लावते," मावशी रिळाला म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून कामाला बसल्या. मुख्याध्यापिकाबाईंचा कोट पाचला द्यायचा होता. सहाला शाळेत समारंभ. कोट मनासारखा झाला, तर दोनशे गणवेशांचं काम मावशींचंच.

दहाच्या सुमाराला समोरच्या गृहस्थांची टोपी वाऱ्यानं उडवली आणि त्यांच्याच कुत्र्यानं पळवली. मावशींनी बँकेत फोन लावला.

"पोट दुखलं?" सुनेनं विचारलं.

"पोट नाही, पण गाल दुखले की!"

"मग गमतीदार. बाद."

बारा वाजता पोस्टमन ओढायचं दार पाच मिनिटं ढकलत राहिला.

"बाद! आणि आई, इथे माझ्यापुढे रांग लागलीय हो."

एक डोळा रस्त्यावर, एक सुईवर, असं करत मावशींनी कोटाच्या बाह्या जोडल्या.

पाचला बाई आल्या. त्यांना हसताना शाळेत कुणीही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कोट चढवला आणि मावशींना चूक दिसली. उजवी बाही डावीकडे, डावी उजवीकडे! कोपराचा बाक उलटा झाल्यानं बाईंचे दोन्ही हात मागे खेचले गेले होते. कोंबडी कुंपणावरून उडी मारायच्या बेतात असावी, तशा त्या उभ्या होत्या. चष्मा सारखा करायला गेल्या, तर बोट कानात गेलं.

नेमकी तेव्हाच सून दारात आली. तिचं तोंड उघडलं. 'हि' ओठांवर येऊन थांबला.

मावशींनी डोळे वटारले. शब्द सासूच्याही जिभेवर होता. पण उच्चारला की दोनशे गणवेश पाण्यात! दोघी ओठ आवळून, लाल होऊन, एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.

बाईंनी आरशात पाहिलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलू लागले.

"हिलेरियस!" त्या ओरडल्या आणि उलट्या हातांनी पोट धरता येईना म्हणून भिंतीला टेकून हसल्या.

"गेला!" दोघी एकदम म्हणाल्या.

"काय गेलं?"

मग चिठ्ठी दाखवावी लागली, नियम सांगावा लागला. मावशी मान खाली घालून बाह्या उसवत होत्या. सुनेनं चहा केला. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, सगळं ऐकून घेतलं. वीस मिनिटांत कोट नीट बसला.

"गणवेशांची मापं घ्यायला सोमवारी या. खिडकी नसलेली खोली देते," बाई म्हणाल्या. जाताना स्वयंपाकघरात डोकावल्या आणि आपला रिकामा कप भांड्यांच्या ढिगावर ठेवला.

"मी जिंकले ना? मग हा तुम्ही दोघींनी घासा."