मनातला भाव आणि आकाराम गुप्तहेर

“ह्यो पोरगा नुसत्या दाराकडं बघून सांगतोय, घरात कोन हाय आन् कोन न्हाय!”

जात्यावरची ओवी मधेच तोडून माझी बयाआत्या म्हणाली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तो आवाज अजून कानात घुमतो. त्या दाराला बाहेरून कुलूप होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

तेव्हापासून कोल्हापुरात गुप्तहेर म्हटलं की एकच नाव: आकाराम. दुसरं नाव नाही, कारण दुसरा गुप्तहेर नाही. नजर घारीची, चाल मांजराची, कान सशाचे. उरलेला मी माणसासारखाच आहे.

२००१ साली, एका बुधवारी दानेश्वरी माझ्याकडे आली. एकोणीस वर्षांची जलद गोलंदाज. बबलगमच्या पाकिटातून निघणारी क्रिकेटपटूंची कार्डं तिनं शाळेपासून जमवली होती. जबडा दुखेपर्यंत चघळून एकशे चौतीस कार्डं, आणि एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. लेकराला काजळ लावावं तशा मायेनं तिनं ती वहीत लावली होती. आता ती विकायला निघाली होती. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी, साध्या बुटात तिचा पाय घसरायचा, आणि खिळ्यांचे बूट अकराशेला.

“गिऱ्हाईक हाय, आकारामदादा. उन्मेष म्हणून. कचेरीत कामाला असतोय. तीनदा येऊन गेला, पण भावच बोलंना.”

“मग तू बोल की.”

“कमी बोलले तर मी बुडाले, जास्त बोलले तर त्यो पळाला. त्याच्या मनात किती हाय तेवढं काढा.”

फी ठरली: पाच कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी.

गुरुवारी सकाळी पापाच्या तिकटीच्या चप्पलबाजारात उन्मेषनं चप्पल घेतली. घासाघीस नाही, दुकानदाराच्या तोंडाकडं बघणं नाही, सरळ पैसे दिले. निष्कर्ष: आसामी गडगंज. मी दानेश्वरीला निरोप धाडला, ‘पाच हजार माग.’ दुपारी त्याच गडगंजानं मिसळीवर चौथ्यांदा फुकटचा कट मागून घेतला. निष्कर्ष: महाकंजूष. दुसरा निरोप, ‘पन्नासला तयार राहा.’

शुक्रवारी तो रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर बसून कागदावर आकडे लिहीत होता, खोडत होता आणि पाण्याकडं बघून उसासे टाकत होता. माझं रक्त सळसळलं. सांकेतिक लिपी! कार्डचोरांची टोळी, आणि धागेदोरे थेट बेळगावपर्यंत! मी शेंगदाणेवाल्याच्या वेषात जवळ गेलो. त्यानं दोन रुपयांचे शेंगदाणे मागितले. भाव ठाऊक नसल्यामुळं मी अर्धी पाटी देऊन बसलो, आणि तेवढ्यात त्यानं कागद खिशात घातला.

“दादा,” दानेश्वरी म्हणाली, “पाच हजार, पन्नास का बेळगाव? एक काय ते सांगा. उद्या शनवार हाय.”

शनिवारी सकाळी दानेश्वरीच्या घरी चौथी बैठक. मी पिठाच्या पिंपामागं दबा धरून होतो.

“तुम्हीच सांगा,” उन्मेष म्हणाला.

“तुमी सांगा की.”

“वस्तू तुमची.”

“पैसं तुमचं.”

“तसं नको, तुम्ही मोकळ्या मनानं बोला.”

“मन मोकळंच हाय. तुमीच बोला.”

दानेश्वरीची आई शांतव्वा चुलीपाशी भाकऱ्या भाजत होती. घरच्या कडक भाकऱ्या विकणारी बाई, दिवसाकाठी पन्नास जणांना भाव सांगायची. तिनं उलथणं खाली ठेवलं.

“पावणं, किती देणार?”

“बाराशे.”

शांतव्वानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

“आन् येवढं दीस का बोलला न्हाईसा?”

उन्मेष खिशातले पैसे मोजू लागला. दानेश्वरीच्या डोळ्यांत मात्र बूट चमकले. “दिलं!” ती म्हणाली.

“माझाही अंदाज पन्नास आणि पाच हजारांच्या मधलाच होता,” मी पिठातून उठत म्हणालो.

“व्हय, आन् बेळगावच्या अलीकडचाच,” शांतव्वा म्हणाली. “अंग झाडा भाईर जाऊन.”

उन्मेषनं पैसे दिले. दानेश्वरीनं वहीवरून एकदा हात फिरवला, सासरी निघालेल्या लेकीच्या पाठीवरून आई फिरवते तसा, आणि वही त्याला दिली. तो उंबऱ्यापर्यंत गेला. तिथंच थांबला. मी ताबडतोब ताडलं: गुडघेदुखी.

तो मागं फिरला, खाली बसला, वही उघडून त्यानं एक कार्ड हळूच सोडवलं आणि दानेश्वरीच्या तळहातावर ठेवलं.

“ह्ये का काढलंसा?” तिनं विचारलं.

“ह्यावरचा फोटो उलटा छापलाय,” तो म्हणाला. “उजव्या हाताचा फलंदाज डावखुरा दिसतोय. असली चूक क्वचित सापडते. पुण्यात ह्या एकट्याचे तीन हजार येतील, आणि माझ्याकडे बाराशेच आहेत. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून तोंडातून भाव निघत नव्हता. हे तुमच्यापाशीच ठेवा. उरलेल्या एकशे तेहतीसांचे बाराशे होतात. आता खरा भाव बोललो.”