स्क्वॉश म्हंजे नक्की काय?

भाजीच्या गाडीवरचा लाल भोपळा उचलून कानाला लावणारा माणूस अख्ख्या भिवंडीत एकच. आमच्या कामतघरच्या चाळीतले जॉबरकाका. भाजीवाला वैतागायचा, "चाचा, कद्दू है, रेडिओ नहीं." काका बोटाने टकटक करत म्हणायचे, "थांब रे, आतला आवाज ऐकू दे."

चाळीस वर्षं जॉबर म्हणून त्यांनी पॉवरलूम दुरुस्त केले होते. बंद पडलेल्या लूमला कान लावून कुठला नट ढिला आहे ते सांगायचे. त्या खडखडाटात कान निम्मे गेले, सवय मात्र राहिली. लूम त्यांना कळायचा. बाकी जगाचा काही उलगडा व्हायचा नाही. तिघांना विचारायचे आणि चौथंच काहीतरी करून बसायचे. वर "सेटिंगमदी घोल झाला" म्हणून मोकळे.

काकू गेल्यापासून ते एकटेच राहत. मी शेजारी. शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून त्यांची 'टीचर'.

एका रविवारी सकाळी जुनी वही घेऊन दारात उभे. "टीचर, पास्ता लावायचा हाय."

"कुकर लावतात काका, पास्ता करतात."

वहीत नीटस इंग्रजी अक्षरात कृती होती. पास्ता, लसूण, क्रीम आणि 'विंटर स्क्वॉश'. इथे मी अडकले. मला स्क्वॉश ठाऊक होतं ते पाहुण्यांना देतात ते, बाटलीतलं.

"विंटर म्हणजे हिवाळा. स्क्वॉश म्हणजे... सरबत."

"हिवाल्यात सरबत कोन पितो?"

"तेच मलाही कळत नाही."

काका बाहेर पडले. मेडिकलवाला म्हणाला, खोकल्याचं औषध असेल. लूमच्या शेठचा मुलगा म्हणाला, तो बॅटने खेळायचा खेळ आहे. बेकरीवाल्याने आधी पास्ता म्हणजे काय ते विचारलं. शेवटी काकांनी संत्र्याच्या स्क्वॉशची बाटली आणली, पास्त्याला कुकरमध्ये तीन शिट्ट्या दिल्या, वर साय घातली आणि बाटली ओतली. चव घ्यायला मला बोलावलं. ताटलीत नारिंगी खळ पसरली होती.

"कसा झालाय?"

"जरा... लूज झालाय," मी कसाबसा घास गिळत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या जाड डिक्शनरीत पाहिलं. स्क्वॉश म्हणजे भोपळ्याची जात! सुटल्यावर धावत काकांकडे गेले, तर गॅसवर लाल भोपळा शिजत होता आणि लसणाचा वास दारापर्यंत आला होता. मला काहीच समजेना.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकांनी वहीचं पान उलटलं. मागे पेन्सिलीने काढलेला भोपळा होता आणि खाली नाव, वैशाली. काकांची मुलगी.

"आज सकाली दिसला," काका म्हणाले. मग भोपळा ढवळतच राहिले. "तिला हॉटेलच्या कोर्सला जायचा होता. मी बोललो, रांधायला शिकायला कॉलेज कशाला? फॉर्म फाडला."

वैशू लग्न होऊन नाशिकला गेली, एवढंच मला माहीत होतं. दिवाळीला तिचा दोन मिनिटांचा फोन यायचा, तोही भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा.

"असू दे काका. आता कळलं ना स्क्वॉश म्हणजे काय? होईल तुमचा पास्ता."

"न्हाय, न्हाय!" काका एकदम घाबरले. "मला कललाच न्हाय. तुम्ही बी कुनाला सांगू नका. मला तिला इचारायचा हाय."

डायरी उघडून त्यांनी नंबर फिरवला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"वैशू? मी बाबा... न्हाय गो, बरा हाय मी. तुजी वही गावली. त्या पास्त्यात तू स्क्वॉश लिवलाय, तो नक्की काय असतो गो?"

मग काका बराच वेळ नुसते "हां... हां" करत राहिले. भोपळा खाली लागायला आला, मी गॅस बंद केला. तेवढ्यात त्यांनी रिसिव्हर माझ्यापुढे धरला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"टीचर, ती काय सांगते ते जरा लिवून घ्या. माझ्या ध्यानात न्हाय राहत."

मी वही पुढे ओढली, पेन उघडलं. "हां, बोल वैशू."

पलीकडे वैशू रडत होती. लिहून घ्यावं असं ती काहीच सांगत नव्हती.