पाटीमागच्या वनाची बखर

श्रीतैलदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिवनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, पूर्व आफ्रिका खंडी महासरोवराचे मध्यभागी एक बेट, तेथील वर्तमान ऐकिले पाहिले तैसे लिहितो. बेट ज्या राज्याचे त्याचे नाव लिहू नये ऐसी ताकीद आहे, सबब लिहीत नाही. तर त्या राज्याचे महाराज थोर दूरदृष्टीचे. एके दिवशी ताटात तळलेली केळी आली, ती खाता खाता पुसते जाहले की, हे तेल कोठील? आचारी बोलिला, "परमुलखातील, महाराज." तेव्हा महाराजांस घास गोड लागेना, आणि मग खाशी मर्जी जाहली की तेल आपले राज्यातच निपजावे, आणि त्याकरिता तेलताड लावावा, आणि तो साऱ्या बेटावर लावावा. मग समुद्रापलीकडील पाहुणे म्हणाले, घाणा आम्ही देतो. हा घाणा बैलाचा नव्हे, वाफेचा, धुरांडे असलेला. परंतु अट ऐसी की वन तोडू नये. महाराजांनी तात्काळ वचन दिले. वचन देण्यास महाराज कधी मागे सरत नाहीत.

मग कारभारी लुताया यांजवर पेच पडिला. बेटावर वनावाचून मोकळी जागा नाही, आणि वनास हात लावणे नाही. परंतु लुताया अकलेचे सागर. त्यांनी वनखात्याचे दप्तर उघडविले, तेथे कलम सापडले की, सरकारी पाटी जेथे उभी, तिचे पाठीमागील ते वन. कारभारी खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि बोलिले, "अरे, मग झाडं कसली मोजत बसलात? पाटी उचला!" मग पाटी उचलिली आणि पाचशे पावले मागे रोविली, आणि पुढील झाडे वनातली उरली नाहीत सबब तोडिली, आणि तेलताड लाविले. ऐसी पाटी चार वर्षांत चार वेळा मागे सरली, आणि दरसाल दरबारी हकीकत गेली की वनातील एकही झाड तुटले नाही. आणि ते कागदोपत्री खरेच होते. हे लिहिताना आम्हांस हसू आले आणि लाजही वाटली, परंतु दरबारचे मीठ खातो, काय करावे!

त्या बेटावर नबुकीरा नामे विधवा बाई राहत होती. वनातून एक झरा वाहे, त्याचा गाळ काढणे आणि भोवती दगड रचणे हे काम पिढीजात तिचे घरी होते. साठ घरे ते पाणी पीत, कारण सरोवराचे पाणी पोटात गेले की माणूस आजारी पडे. झाडे गेली तशी झऱ्याची धार बारीक जाहली. तेव्हा बाई कारभाऱ्यांकडे गेली. तेथील बोलीत थोर पुरुषास सेबो म्हणतात आणि बाईस न्याबो. ती बोलिली, "सेबो, पाटी आता झऱ्यापाशी आली. आणखी मागे नेलीत तर साठ घरं पाण्याला मोताद होतील." लुताया हसोन बोलिले, "न्याबो, बेटावर तेलाचं राज्य येतंय, आणि तुम्ही पाण्याचं काय घेऊन बसलात?" बाई बोलिली, "तेलानं तहान भागत असेल तर आधी तुम्ही प्या, सेबो. आम्ही बघतो." कारभाऱ्यांची मर्जी खप्पा जाहली, आणि येत्या सोमवारी पाटी पाचव्याने उचलावी ऐसा हुकूम सुटला.

मग नबुकीरेने काय केले? सोमवारची वाटच पाहिली नाही. शनिवारी भर दुपारी गावच्या बायका घेऊन गेली, आणि पाटी स्वहस्ते उपटली, आणि खांद्यावर घालून वाजतगाजत खाली धक्क्यावर नेली, आणि ऐन वाटेत रोविली. आता पाटीचे पाठीमागे काय? सारे तेलताड, आणि घाणा, आणि कारभाऱ्यांचा बंगला! रविवारी वन पाहावयास पाहुण्यांची नाव लागली. त्यांनी पाटी वाचिली, मागे हिरवेगार पाहिले, आणि "काय सुंदर वन राखिलेत!" म्हणून वहीत लिहून घेतले, आणि माघारी गेले.

सोमवारी मजूर लांब काठीचे कोयते घेऊन पहिले फळ काढावयास आले, तो वनरक्षक आडवा जाहला. "वनातल्या फळाला कोयता लावणं गुन्हा आहे. पाटी वाचता येत नाही का?" लुताया ओरडले, "मूर्खा, ते आपले ताड!" वनरक्षक बोलिला, "सेबो, कलम तुम्हीच काढलंत. आणि पाहुण्यांनी वन म्हणून लिहून नेलंय. आता पाटी हलवली तर महाराजांचं वचन मोडेल." कारभाऱ्यांचे तोंडचे पाणी पळाले. घड पिकून लाल जाहले, आणि खाली गळाले, आणि सडले, आणि घाणा थंड पडला, आणि महाराजांचा निरोपावर निरोप येऊ लागला की, तेल कोठे?

तीन आठवडे ऐसे गेले, मग लुताया स्वतः चिखल तुडवीत नबुकीरेच्या दारी आले. "न्याबो, आम्ही हलवली तर वचन मोडतं. तुम्हीच आणलीत, तुम्हीच पाटी मूळ जागी लावा म्हणजे झालं." बाई बोलिली, "मूळ जागी? तिथं तुमचे ताड आहेत, सेबो. माझा झरा आणि त्याच्या वरची झाडं, एवढंच उरलंय. तेवढ्यासमोर पाटी लावते, तुम्ही खाली सिमेंट ओता. हलणार नाही अशी." कारभाऱ्यांनी ओतले. पाहुण्यांस कळविले की, वन हवापालटास थोडे वर गेले आहे. पाहुण्यांनी तेही लिहून घेतले. महाराजांस वनरक्षणाचा मोठा मान मिळाला, आणि आम्हांस आज्ञा जाहली की, झरा वाचविला ऐसे बखरीत लिहावे.

आम्ही लिहिण्यापूर्वी पाहावयास गेलो. नबुकीरा तेथेच बसली होती. आम्ही अभिनंदन केले. ती बोलिली, "वाचला म्हणता? घागर लावून बसा जरा." मग आम्ही घागर लावून बसलो. सकाळचे बसलो, ऊन डोक्यावर आले, घागर अर्धी जाहली. मागे चाळीस बायका उभ्या होत्या, त्यांत कारभाऱ्यांची मोलकरीणही होती. आम्ही शरमलो, आणि अर्धी घागर त्यांसच देऊन उठलो.

सारांश, महाराजांचे वचन राहिले. वन राखिले. तेल उदंड जाहले. पाण्यास रांग आहे.