सरदारची दुसरी गोळी

स्वराजला दुसरं औषध सुरू करायचं की नाही, यावर त्याचे आईबाबा सुजित आणि प्रांजली आठवडाभर भांडत होते, आणि तेही कुजबुजत. कुजबुजत भांडणं किती अवघड असतं ते ज्याच्या घराच्या भिंती पातळ आणि आईवडिलांचे कान तिखट आहेत, त्यालाच कळेल. मुद्दा रंगात आला की आवाज चढायचा, मग बाहेर ओटीवरून सुजितच्या आई, ठमाबाई, विचारायच्या, "काय झालं गो?" आणि आतून दोघं एकदम म्हणायचे, "काही नाही, डास आहेत."

स्वराज नऊ वर्षांचा. त्याला एडीएचडी आहे हे अलिबागच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं. सकाळच्या गोळीने शाळा सुरळीत चालू झाली होती. वर्गात तो बाकावर बसायचा, बाकाखाली नव्हे. पण चारच्या पुढे गोळीचा असर ओसरला की घरात वादळ शिरायचं. गृहपाठ अर्धा, जेवण अर्धं, चप्पल एकच. म्हणून डॉक्टरांनी सुचवलं होतं, की सकाळच्या गोळीला संध्याकाळच्या एका वेगळ्या औषधाची जोड देऊन बघता येईल. "घाई नाही, नीट विचार करा, सोमवारी बोलू," असंही ते म्हणाले होते.

विचार त्यांनी नको इतका नीट केला. प्रांजली चौलच्या शाळेत शिक्षिका. ती आधी औषधाच्या बाजूने होती आणि सुजित विरुद्ध. दोघांनी एकमेकांना इतक्या तळमळीने पटवून दिलं, की बुधवारपर्यंत दोघांचंही मन वळलं आणि आता सुजित बाजूने होता, प्रांजली विरुद्ध. भांडण मात्र जागच्या जागी होतं.

हे सगळं लपवायचं कारण सुजितचे वडील रावजी आणि ठमाबाई. नातवाला रोज सकाळी शक्तीची गोळी देतात, एवढंच त्या दोघांना ठाऊक होतं. रावजींचं जग तसं आटोपशीर होतं: नारळी-सुपारीची वाडी, बायको, नातू आणि सरदार. सरदार म्हणजे शर्यतीचा बैल. गाडीला त्याच्या जोडीला उजवीकडे दुसराही एक बैल असायचा, पण लोक किनाऱ्यावर जमायचे ते सरदारला बघायला. आणि येत्या रविवारी, ओहोटीला, शर्यत होती.

गुरुवारी दुपारी सुजितने कचेरीतून डॉक्टरांना फोन लावून उरलेल्या शंका विचारून घेतल्या. प्रांजलीचा तास चालू असणार म्हणून त्याने तिला आवाजी मेसेज पाठवायचं ठरवलं. त्याआधी एकच काम होतं. रावजींचा फोन साधा, त्यामुळे शर्यत कमिटीच्या ग्रुपवर त्यांच्या वतीने सुजित असायचा आणि ओहोटीची वेळ कळवायचं काम त्याच्याकडे होतं. ते त्याने केलं. मग लगेच, तोच ग्रुप समोर उघडा असताना, तो बोलू लागला.

"हे बघ, डॉक्टरांशी बोललो मी. सकाळच्या गोळीवर दुपारपर्यंत तो ठीक असतो, पण चारनंतर परत उधळतो, ते आपण बघतोच आहोत. ते म्हणतात, दुसरं औषध जोडून बघू, दोन्ही एकत्र. सुरुवातीला जरा सुस्त वाटेल, त्याला घाबरायचं नाही. आणि बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. ते ऐकायचे नाहीत."

अर्ध्या तासाने प्रांजलीचा मेसेज आला: "फोन करणार होतास ना?" सुजितने फोन पाहिला, तर आवाजी मेसेज कमिटीच्या ग्रुपवर गेला होता. त्याने घाईघाईने तो मेसेज पुसून टाकला. पुसला नसता तर एक वेळ थाप मारता आली असती. पुसल्यामुळे ज्यांनी ऐकला नव्हता, त्यांनी ज्यांनी ऐकला होता त्यांना फोन केले.

कारण गावात रावजींच्या घरचा ‘तो’ म्हणजे एकच, सरदार. दुपारपर्यंत ठीक राहणारा, चारनंतर उधळणारा आणि गोळ्यांवर चालणारा.

पहिला फोन कमिटीचे अध्यक्ष सदूनाना यांचा. "सुजित, मेसेज पुसलास म्हनून पाप पुसत न्हाय."

"नाना, तो मेसेज वेगळ्याच कामाचा होता."

"कोनच्या कामाचा?"

पोराचं नाव एकदा या तोंडात पडलं, की संध्याकाळपर्यंत ते रेवदंड्याला पोचणार. शाळेत पोरं चिडवणार. "घरगुती," तो म्हणाला.

"बैल घरगुतीच असतो," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सुजित घरी आला तेव्हा गोठ्यासमोर सभाच भरली होती. सदूनाना होते, कमिटीची माणसं होती, आणि तालुक्याहून बोलावून आणलेल्या जनावरांच्या डॉक्टर हेमाली होत्या. रावजी सरदारच्या मानेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी मुलाकडे पाहिलंच नाही. प्रांजली शाळेतून आल्या आल्या तिथेच अडकली होती. तिने सुजितकडे पाहिलं, आणि तिने पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर हेमालींनी सरदारचे डोळे पाहिले, छातीला नळी लावली, शेपटीखाली थर्मामीटर लावला. सरदारने सगळं सरदारासारखं सहन केलं.

"मला तर ठणठणीत दिसतोय," त्या म्हणाल्या.

"दिसनारच," नाना म्हणाले. "आता चार वाजून गेलं न्हायत का? गोळी उतरली. रगत तपासा. मुकं जनावर हाय डॉक्टर, त्याला बोलता येत न्हाय. जानकार मानसानं सांगितल्याबिगर त्याच्या पोटात काय घालायचं म्हंजे पाप."

"रक्त घेते. पण रिपोर्ट यायला आठवडा जाईल."

"मंग रविवारी सरदार धावायचा न्हाय," नानांनी निकाल दिला.

रावजींनी सरदारच्या मानेवरून हात काढला आणि मग, तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा, परत तिथेच ठेवला. ते हळूच म्हणाले, "बाबांना सांगू नकोस म्हनं. माज्या बैलाचं, आनि मला सांगू नकोस."

एवढ्यात स्वराज आला. आला म्हणजे गोठ्याच्या आडव्या वाशाला लोंबकळत आला. "डॉक्टर, बैलाला ताप किती असतो? आणि तुम्ही त्याची जीभ का नाही बघितली? आमचे डॉक्टर बघतात. ही सुई कुणाला? मी धरू? नाना, तुमच्या शर्टाचं बटण खालीवर लागलंय." उत्तर ऐकायला तो थांबला नव्हताच, वाशावरून उडी मारून तो सरदारच्या पोटाखालून पलीकडे गेला, आणि जाताना त्याचा पाय पेंडीच्या बादलीत पडला. बादली नानांच्या धोतरावर गेली.

सुजितने बापाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. आता एकाची अब्रू जाणार होती किंवा एकाचं गुपित. त्याने प्रांजलीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"तो म्हणजे सरदार नाही," सुजित म्हणाला. "तो म्हणजे हा. स्वराज. गोळी त्याची आहे. दुसरंही औषध त्यालाच द्यायचं चाललंय. मेसेज हिला करायचा होता."

सदूनानांनी मोठा श्वास सोडला आणि ते सगळ्यांकडे वळून हसले.

"हात्तिच्या. पोराचं होय. मंग आधी न्हाय का सांगायचं? आमी उगाच घाबरलो."

सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं, आणि मोकळ्या झालेल्या जिवांनी लगेच इलाज सुचवायला सुरुवात केली. एकाने ब्राह्मी सांगितली, दुसऱ्याने भिजवलेले बदाम. तिसरा म्हणाला, रोज समुद्रावर पळवा, गोळी कशाला. चौथ्याच्या मते मोबाईलच कारण होता. स्वराजकडे मोबाईल नव्हता ही अडचण त्याने मानली नाही. सदूनाना म्हणाले, "दोन धपाटं घाल, सरळ होतंय. डॉक्टरकडं कशाला न्यायचं त्यात?"

"नाना," प्रांजली शांतपणे म्हणाली, "मघाशी बैलाला जाणकाराला विचारल्याशिवाय काही देणं म्हणजे पाप होतं."

"बैल शर्यतीचा हाय," नाना म्हणाले. डॉक्टर हेमालींनी मान खाली घालून आपली बॅग बराच वेळ आवरली.

मंडळी गेली. रावजी जागचे हलले नव्हते. ते नातवाजवळ गेले आणि उकिडवे बसले.

"दुखतं का रं तुला कुठं?"

"नाही आबा."

"मंग कशाची गोळी?"

स्वराजने विचार केला. त्याला विचार करताना घरात फार क्वचित कुणी पाहिलं होतं. "झेंडा पडायच्या आधीच सगळ्या गाड्या सुटल्या तर कसं होईल? तसं होतं डोक्यात. गोळी घेतली की त्या झेंड्यासाठी थांबतात. पण चार वाजता परत सुटतात."

रावजींनी आयुष्यभर किनाऱ्यावर उभं राहून हेच पाहिलं होतं. उठताना ते सुजितला म्हणाले, "डास हायत म्हनून सांगत होतास आठ दिस. मी रोज धूर करत होतो." आणि मग, "दुसऱ्या गोळीचं ह्याला इचारलंत का?"

सुजित आणि प्रांजलीने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या सगळ्या बाजू घेऊन झाल्या होत्या. पोराची तेवढी राहिली होती.

त्यांनी विचारलं. स्वराज म्हणाला, "झोप येणार असेल तर क्रिकेटनंतर द्या." आठवडाभर न सुटलेला प्रश्न एवढ्या बोलीवर सुटला.

रविवारी सरदार धावला आणि तिसरा आला. सदूनाना सगळ्यांदेखत म्हणाले, "गोळी खरंच दिली असती तर बरं झालं असतं."

सोमवारी चौघं अलिबागला गेले. रावजी हट्टाने आले आणि बाहेर नारळपाणीवाल्याशी भाव करत थांबले. डॉक्टरांनी स्वराजचं वजन केलं, रक्तदाब मोजला, क्रिकेटची अट मान्य केली. संध्याकाळचं औषध अगदी थोड्या मात्रेने सुरू करू, म्हणाले. फार सुस्ती वाटली, चक्कर आली तर लगेच फोन करा, मनाने वाढवू नका, मनाने बंद करू नका, आणि दोन आठवड्यांनी परत दाखवा. प्रांजलीने तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि त्यांनी तीच उत्तरं न कंटाळता पुन्हा दिली.

दार उघडून तिघं बाहेर आले. बाहेरच्या बाकावर एक माणूस वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. पत्र उलटं होतं. बाकाखालून एक मुलगी सरपटत निघाली, पाण्याच्या पिंपाचा नळ सोडून परत बाकाखाली शिरली. ती सदूनानांची नात अमिषा होती.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"गुडघा," सदूनाना म्हणाले. "फार दुखतोय."

स्वराजने भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली. "नाना, हे मुलांचे डॉक्टर आहेत. इथं गुडघ्याचं काही नाही करत. आधी वजन करतात, मग जीभ बघतात. घाबरू नका." मग तो बाकाखाली शिरला, आणि तिथून दोघांच्या हसण्याचा आवाज येऊ लागला.

प्रांजलीने नळ बंद केला. नानांनी इकडे तिकडे पाहिलं, बाकावर थोडं सरकून जागा केली आणि सुजितची बाही ओढली. आवाज इतका खाली आणला, की तो त्यांचा वाटेना.

"त्या गोळीनं पोरं जेवत न्हायत म्हंतात. खरं का रं?"

सुजितला सांगण्यासारखं खूप काही सुचलं, आणि त्यातलं बरंच बैलाविषयी होतं. मग तो नानांच्या शेजारी बसला.

"चल ना," प्रांजली म्हणाली, "बाबा उन्हात उभे आहेत."

"तू हो पुढे," सुजित म्हणाला. "मी येतो. नानांच्या गुडघ्याचं बोलतोय."