डाव्या गालातलं मेण

लेकीच्या बाळंतपणासाठी सोजरबाई मेडशीला गेली, त्याला दोन महिने होत आले होते. तेवढ्या दिवसांत इंझोरीच्या जगदेवला एकही भाकर धड जमली नव्हती. कधी काठ जळायचे आणि मधलं पीठ कच्चं राहायचं, तर कधी भाकर तव्याला अशी चिकटायची की खरवडायला खुरपं घ्यावं लागायचं. वास्तविक जगदेवच्या मळ्यातली वांगी वाशीमच्या बाजारात हातोहात खपत. पण तेच वांगं चुलीवर चढलं की त्याचं ऐकेनासं होई. शेवटी त्याने चुलीचा नाद सोडला आणि मुरमुरे, गूळ, कच्चा कांदा यांवर दिवस काढायला सुरुवात केली.

मेडशीला मात्र तो मास्तरकडून पत्रं लिहवून घेई. ‘मी मजेत हावो. रोज दोन भाकरी अन् वांग्याची भाजी खातो. अंगावर मास चढलं हाये. तू लेकीकडं पाहाय, माही फिकर करू नोको.’ मास्तर लिहिता लिहिता चष्म्यावरून त्याच्याकडे बघत.

ऐन चैत्रात मेडशीहून उत्तर आलं. लेकीला, पंचफुलाला, मुलगा झाला होता. बारशाचा दिवस कळवला होता आणि शेवटी सोजरबाईने जावयाकडून एक ओळ घालून घेतली होती. ‘तुमचं सुधारलेलं अंग पाहाचं हाये. खोटं निंगालं तर मी बारसं सोडून तुमच्यासंग गाडीत बसन.’

जगदेवने खुंटीवरचा आरसा काढला. आधीच चार दाढा पडलेल्या, त्यात दोन महिन्यांचे मुरमुरे. दोन्ही गालांत मिळून ओंजळभर तूर मावली असती. बाई बोलते ते करते, हे त्याला पंचवीस वर्षांच्या संसारात नीट कळलं होतं. ओली बाळंतीण लेक सोडून ती आपल्यासाठी परत येणार, या विचाराने त्याला नातवाचा आनंदसुद्धा पुरता होईना.

बारशाला सहा दिवस होते. मधेच पोहरादेवीची जत्रा आली. जगदेव आणि त्याचा शेजारी पुंजाजी काकड्यांची गाडी भरून जत्रेला गेले. जत्रेच्या तोंडाशीच सरकारचा टोचणीवाला टेबल मांडून बसला होता. पटकीची साथ येऊ नये म्हणून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सुई टोचत होता. शेगडीवर पातेल्यात सुया उकळत होत्या, शेजारी साबण होता, नावं लिहायची वही होती, आणि टेबलापुढे माणूस मात्र एकही नव्हतं.

“या काका, टोचून घ्या,” तो म्हणाला.

“उकळती सुई? अंगात जाळ कायले घालू मी?” असं म्हणून जगदेवने त्याला मोठा वळसा घातला.

शंभर पावलांवर दुसरा तंबू होता आणि तिथे मात्र ही गर्दी लोटली होती. आत डोक्याला रेशमी फेटा बांधलेला हरिसिंग नावाचा माणूस उभा होता. तो स्वतःला लाहोरचा डॉक्टर म्हणवत होता. त्याच्या हातात पितळी पिचकारी होती आणि पिचकारीच्या टोकाला सुई.

“एक सुई में गाल टमाटर जैसा!” तो ओरडत होता. “विलायती मोम! मेमसाब लोग यही लगाती हैं!”

जगदेव जागीच थांबला. देवीनेच रस्ता दाखवला असं त्याला वाटलं.

पुंजाजीने त्याची बाही ओढली. “अबे, मेन हाये थे. गालात मेन भरते का कोनी?”

“बारशापुरतं तं टिकंल न बावा,” जगदेव म्हणाला आणि स्टुलावर जाऊन बसला.

हरिसिंगने आधीच्या गिऱ्हाइकाच्या गालातून काढलेली सुई धोतराला पुसली, वाटीतलं कोमट मेण पिचकारीत ओढलं आणि सुई जगदेवच्या डाव्या गालात खुपसली. “दर्द बिलकुल नहीं,” असं तो म्हणत असतानाच जगदेवच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण आरशात पाहिलं तर डावा गाल खरोखरच वर आला होता! हरिसिंग उजव्या गालासाठी पिचकारी भरू लागला, तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, “सुईवाला साहेब येऊन राह्यला!”

गिऱ्हाईक मिळेना म्हणून बिचारा सरकारी टोचणीवालाच आपली वही घेऊन लोकांना बोलवायला निघाला होता. पण हरिसिंगला ते काय माहीत? त्याने पिचकारी पेटीत टाकली, तंबूची मागची कनात वर केली आणि तो जो गेला तो गेलाच. स्टुलावर राहिला जगदेव, एका बाजूने पंचवीस वर्षांचा आणि दुसऱ्या बाजूने पन्नासचा.

दुसऱ्या दिवशी गाल लिंबाएवढा झाला. चौथ्या दिवशी कवठाएवढा. वरून लाल, आतून ठणका. शेजारची रुपाबाई बघायला आली तेव्हा त्याने दाढ सुजली म्हणून सांगितलं. तिने हळद-चुन्याचा लेप थापला, त्यामुळे गाल आता लाल आणि पिवळा दिसू लागला. उजवा मात्र होता तिथेच खोल बसलेला होता, आणि डाव्याच्या शेजारी तो आणखीच खोल दिसत होता.

बारशाच्या सकाळी जगदेवने तोंडाभोवती उपरणं गुंडाळलं आणि गाडीतून मेडशी गाठली. दारातच व्याही पंजाबराव उभे होते. धिप्पाड माणूस, डोक्यावर कायमचा भरजरी पटका आणि आवाज गावभर जाईल असा. “या इवाई, या!” म्हणत त्यांनी जगदेवला छातीशी असं आवळलं की उपरणं सुटून खाली पडलं.

पंजाबराव दोन पावलं मागे सरले. “अरे बाप्पा! गालगुंड!”

त्याच वेळी सोजरबाई बाळाला दुपट्यात घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. नवऱ्याला बघून ती हसली, गाल बघून थबकली, आणि पंजाबरावांचा शब्द ऐकून बाळासकट आत वळली. दार लागलं.

“लेकराच्या जवळ येऊ नोका इवाई,” पंजाबराव दुरूनच म्हणाले. “राग मानू नोका. पन गालगुंड म्हंजे लागट रोग.”

“गालगुंड नोहे हो थे. दाढ हाये.”

“दाढ कवठावानी सुजते?”

जगदेवला अंगणातल्या निंबाखाली बाज टाकून दिली. बारशाच्या बायका भिंतीला घासून त्याच्यापासून लांबून जाऊ लागल्या. आतून बाळाचं रडणं आलं. नातवाचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता. मांजराच्या पिल्लाएवढा बारीक आवाज. जगदेव अर्धा उठला आणि पुन्हा खाली बसला.

बारशाला नर्सबाई ललिताबाई आल्या होत्या. पंचफुलाचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. पंजाबरावांनी त्यांना निंबाखाली आणलं. बाईंनी आधी हात धुतले, मग जगदेवची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला.

“गालगुंड कानाखाली येतं. हे गालाच्या मधोमध आहे. आणि हे भोक कसलं?”

“दाढेचं,” जगदेव पुटपुटला.

“दाढेला बाहेरून भोक पडत नाही, काका.”

आतून बाळ पुन्हा रडलं. जगदेवने एकवार बंद दाराकडे पाहिलं.

“मेन भरलं बाई. पोहरादेवीच्या जत्रेत. गाल वर याले पायजे म्हनून.”

पहिले पंजाबराव हसले. मग सगळं अंगण हसलं. “कोनाले दाखवाचे होते गाल, इवाई? या वयात नवरदेव व्हाचं हाये का?”

जगदेवला खरं कारण सांगता आलं असतं. पण व्याह्याच्या अंगणात, चार बायकांपुढे, मी दोन महिने उपाशी होतो हे सांगायचं? त्याने मान खाली घातली. “मले आपलं चांगलं दिसाचं होतं,” तो म्हणाला.

दार किलकिलं झालं होतं. फटीत सोजरबाई उभी होती. एकटी तीच हसत नव्हती.

ललिताबाईही हसल्या नाहीत. “सुई उकळली होती?”

“नाई. धोतराले पुसली.”

“त्याच सुईने आणखी कुणाला टोचलं?”

“माह्या पयले चार-पाच झाले असतीन.”

“त्याने हात धुतले? तो शिकला कुठे, ते विचारलंत?”

“लाहोरचा होता म्हने.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “आत पू झाला आहे. आजच्या आज मालेगावच्या दवाखान्यात जायचं. मी चिठ्ठी देते.”

“येवढ्या लंब कायले जाता?” पंजाबराव म्हणाले. “तुमीच मारा न एक चिरा. चाकू तं हाये तुमच्याजवळ.”

“चाकू आहे. त्याचं शिक्षण नाही. मी बाळंतपणं करते, हे डॉक्टरांचं काम आहे.” मग त्या जगदेवकडे वळल्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला. “हे लागट नाही. पण गालाला हात लावलाय तुम्ही. हात साबणाने नीट धुवा, गालावर स्वच्छ फडकं बांधा, आणि दोन मिनिटं घ्या नातवाला.”

जगदेवने तीनदा हात धुतले. बाळाने त्याच्या मांडीवर एक मोठी जांभई दिली, एवढंच. पण तेवढ्याने गालाचा ठणका दोन मिनिटं कुठल्या कुठे गेला.

मालेगावच्या वाटेवर जावई गाडी हाकत होता. सोजरबाई मागे नवऱ्याशेजारी बसली होती.

“चांगलं दिसाचं होतं म्हने,” ती म्हणाली. “खरं सांगा. काय खाऊन राह्यले तुमी दोन महिने?”

जगदेवने लपवायचा प्रयत्नही केला नाही. “मुरमुरे.”

“अन् थ्या दोन भाकरी?”

“थ्या मास्तरच्या कागदावरच होत्या. तू लेक सोडून येशीन म्हनून लिवल्या. गाल वर दिसले तं तू बेफिकीर राहाशीन म्हनून मेन भरलं.”

सोजरबाईने पदर तोंडाला लावला. ती रडते की हसते ते जगदेवला कळेना. जावई मात्र बैलांच्या शिंगांकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

“अवो, मी एक महिन्यापासून घरची आठवन काढून राह्यली,” ती म्हणाली. “इथं इहीनबाई हाये, नर्सबाई हाये, मले काही कामच नोहोतं. चार दिस घरी जाऊन येतो म्हनून निंगालीच होती मी. तेवढ्यात तुमची चिठ्ठी आली, अंगावर मास चढलं म्हनून. मले वाटलं, माह्याबिगर तुमचं लय चांगलं चालून राह्यलं. मंग कायले येऊ?”

जगदेव हसायला गेला आणि गाल धरून कण्हला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाव विचारलं, वहीत लिहिलं, हात धुतले, सुरी उकळत टाकली आणि सांगितलं, “दुखेल.” आणि खरोखरच खूप दुखलं. खोटं न बोलणारा हा पहिलाच डॉक्टर, असं जगदेवला त्या कळांतही वाटून गेलं. पू निघाला, मेणाचे तुकडे निघाले आणि गालावर जाडजूड पट्टी बसली. दिवसाआड पट्टी बदलायला यायचं होतं, म्हणून जगदेवचा मुक्काम मेडशीलाच पडला. अडकलेलं बारसं दुसऱ्या दिवशी झालं. पंधरा दिवस सोजरबाईने त्याला दुधात कुस्करलेली भाकर, खिचडी आणि लापशी भरवली. कुणी न टोचताच त्याचे दोन्ही गाल सारखे वर आले.

निघायच्या सकाळी पंजाबराव बैल जुंपायच्या निमित्ताने जवळ आले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली घेतला.

“इवाई, थ्या हरिसिंगाजवळ केस उगवाची सुई होती का हो?” असं म्हणून त्यांनी पटका किंचित वर केला. खाली डोकं तांब्याच्या गडव्यासारखं लखलखत होतं.

जगदेवला हसू आलं नाही. अंगणभर लोक हसतात तेव्हा कसं वाटतं ते त्याला आता ठाऊक होतं.

“इहीनबाई काही म्हने का केसाचं?” त्याने हळूच विचारलं.

“थे कायले म्हनते? थे तं रोज सकाळी तेल चोळून देते डोक्शाले. लाजच वाटते मले.”

“मंग सुई राहू द्या,” जगदेव म्हणाला. “तेल बरं हाये.”

पंजाबरावांनी क्षणभर विचार केला. तेवढ्यात आतून विहीणबाईंची हाक आली, “अवो, तेल गरम झालं!”

“आलो, आलो!” गावभर जाईल अशा आवाजात ते ओरडले, आणि पटका हातात घेऊन तसेच उघड्या डोक्याने आत गेले.