कूलरमधले खेकडे आणि वहिनीचे डोहाळे

आमच्या घरात कुठलंही अडलेलं काम मी मनावर घेतलं की होतंच. नववीत शाळा सोडली ती डोकं नव्हतं म्हणून नाही, एका जागी बसवत नव्हतं म्हणून. मोटर बंद पडू दे, गाय दावं तोडून पळू दे, पहिली हाक मलाच. म्हणून भूमिकावहिनीला जेवू घालायचं कामही मीच अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. उलट आईने हात जोडून नको म्हटलं होतं.

वहिनीला चौथा महिना लागला होता आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. फोडणीचा वास आला की ती मोरीकडे पळायची. वरण, खिचडी, मुरमुरे, सगळं परत! नुसती तुरकाठी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत पोटात काही टिकलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावू. दादा सुरतेला कामाला. तो तिथून सारखा फोन करून माझं डोकं खायचा.

शनिवारी मी वहिनीशेजारी पडून मोबाईल बघत होते. त्यात कुठल्याशा बेटावरचा जमिनीवर राहणारा खेकडा दाखवत होते. कुत्र्याएवढा! हा खेकडागडी झाडावर चढत होता, नांगीने नारळ फोडत होता. मग तिथल्या लोकांनी त्यालाच भाजून खाल्लं. मी तोंड फिरवलं. पण इतके दिवस कशाकडेच मान वर करून न बघणारी वहिनी उठून बसली. डोळे हे एवढे. म्हणाली, "बाई वं! एवढामा तं बठ्ठं घर जेवी लेई." एवढ्यात अख्खं घर जेवेल म्हणे! आणि तिने आवंढा गिळला.

पोटुशी बाई आवंढा गिळते त्याला काय म्हणतात? डोहाळे! शाळेत मला काही कळलं नसेल, पण हे कळतं. शिवाय वहिनी साक्रीकडची. आमच्या रावेरकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं की तिकडचे लोक काहीबी खातात. मग तिला विचारायचं काय त्यात?

अडचण होती आईची. आमच्या घरात कोणी नुसतं अंड्याचं नाव काढलं तरी आई ओटा धुऊन काढते. मी गुपचूप गाडी काढली आणि नदीवर भिकनभाऊकडे गेले. तो मासे-खेकडे धरतो. कुत्र्याएवढा खेकडा आहे का विचारलं तर तो हसत हसत खालीच बसला. मग तळहाताएवढे काळे कुळकुळीत खेकडे पोत्यात टाकून दिले. कोणासाठी ते कळल्यावर मात्र हसणं थांबलं. म्हणाला, "मयुरीताई, तुह्या मायनं इचारलं तर मी तुले वळखत नाही."

आता हे ठेवायचे कुठे? खेकड्याला ओल लागते, अंधार लागतो. ऑक्टोबरची ती घाम काढणारी दुपार. लाईट गेलेली. बैठकीतला कूलर गप उभा होता आणि त्याच्या टाकीत गार पाणी होतं. दिले सोडून! लाईट आल्यावर काय, हा विचार मी केला नाही. सहसा करत नाही.

तेवढ्यात नर्मदाबाईआत्या धरणगावहून वहिनीला बघायला आली आणि वारा लागेल म्हणून बरोबर कूलरसमोर बसली. लाईट आली. कूलर घरघरला, आतून खडखड झाली आणि पाणी चढायचं बंद. आत्याने वाकून जाळी काढली.

आत्याचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. ती खुर्चीवर कशी उडाली ते त्या गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायला पाहिजे होतं! एक खेकडा तिच्या पदराला किल्ल्यांच्या जुडग्यासारखा लोंबकळत होता. एक सोफ्याखाली शिरला. एक तर तिरका तिरका थेट देवघराकडे निघाला. आईने त्याच्यावर केरसुणी उगारली, तर त्याने ती पकडून ओढायला सुरुवात केली.

आईने माझ्याकडेच बघितलं. मला असा राग आला! घरात काही झालं की सगळे माझ्याकडेच बघतात. या वेळी बरोबर बघत होते, ते वेगळं.

"वहिनीला खेकड्याचे डोहाळे लागलेत!" मी ओरडले. "तुम्ही कोणी विचारलं का तिला?"

वहिनी दारात उभी, तोंड उघडं. ती काही बोलणार तोच आत्याने खुर्चीवरूनच निकाल दिला की डोहाळे मारले तर लेकराचे कान फुटतात, मग ते डोहाळे मातीचे असोत नाहीतर किड्यांचे. आई धपकन खाली बसली. केरसुणी तिने खेकड्यालाच सोडून दिली.

"माह्या चुलीवर नाही," ती म्हणाली. "मळ्यात."

रविवारी केळीच्या मळ्यात तीन दगड मांडले, नवं मडकं ठेवलं. आईने सोबत फावडं घेतलं होतं. गावात बोभाटा नको म्हणून मडकं आणि कवचं ती स्वतः गाडणार होती. भिकनभाऊने खेकडे साफ करून दिले आणि पळाला. आत्या वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब बांधावर उभी राहून, जन्मात न बघितलेल्या भाजीत काय काय घालायचं ते सांगत होती. आईने मग वांग्याची करते तशीच केली: हिरवी मिरची, लसूण, शेंगदाण्याचा कूट. तोंडाला पदर बांधलेला, मान मागे फिरवलेली, डोळ्यांना धार लागलेली. तशीच ढवळत होती. मध्येच मला म्हणाली, "खाईन ना व पोरगी?" मी चुलीत आणखी एक काटकी सारली.

नजर लागू नये म्हणून वहिनी खाताना कोणी बघायचं नाही असं ठरलं. मी कुंवार नणंद, मला तेवढी सूट. केळीच्या ओळीआड ताट मांडलं. रश्श्यातून एका खेकड्याचे डोळे वर आलेले. वहिनी त्या डोळ्यांकडे बघत होती, ते डोळे वहिनीकडे.

"मयुरीबाई," ती हळूच म्हणाली, "मी जलममा कधी खेकडा खादा नही. आमना घर तं अंडंबी चालत नही."

"मग तो आवंढा?"

"उलटी दाबली मी ती."

मी तापले. आधी बोलायला काय झालं होतं? तर म्हणे बोलू कशी, आत्याबाई खुर्चीवर चढल्या होत्या, आणि आता सासूबाईंनी इतक्या सोवळ्यात असून स्वतः रांधलं. डोळ्यांत पाणी तिच्या. फेकून देता येत नव्हतं. रिकामी कवचं गाडायला आई फावडं घेऊन पलीकडे उभीच होती.

मग काय, डोळे मिटले आणि बसले मीच फोडत! पहिल्या घासाला पोटातून सगळं वर आलं. ते गिळून डोळे उघडले तर वहिनी मी फडक्यात बांधून आणलेली न्याहारी सोडून खात बसलेली. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा. मळ्यात फोडणीचा वास कोंडायला भिंती नव्हत्या, मोकळा वारा होता. अर्धी भाकर गेली. अख्खी गेली. आम्ही श्वास धरून बसलो. काही परत आलं नाही.

आईने रिकामं ताट बघितलं, वहिनीचा उजळलेला चेहरा बघितला आणि फावड्यावर हात ठेवून रडलीच. सलाईन टळलं. भिकनभाऊला तिथूनच आईचा फोन गेला: दर रविवारी आणायचे, बाळंतपणापर्यंत.

आता सातवा चालू आहे. वहिनीच्या पोटात आता घरीही भाकर टिकते, तरी दर रविवारी ती केळीआड पोटभर खाते, छान भरली आहे. मीबी भरले आहे. आणि कोणाला सांगू नका, काल मी भिकनभाऊला विचारून आले की जरा भरीव नांगीवाले मिळतील का. वहिनीचं नाव सांगून.